शाडू की पीओपी?

मावशीने काल फोनवर विचारलं, "अरे, या वर्षी गणपतीची मूर्ती कुठली आणू? शाडूच्या मातीची महाग पडते."

महाग पडते हे खरंच. शाडूच्या मूर्तीला हातकाम जास्त लागतं, वाळायला वेळ लागतो, पावसाळी हवेत तडेही जातात. वजन जास्त आणि नेताना धक्का लागला की बोट तुटतं. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, साच्यातून भराभर निघतं, हलकं असतं, उंच मूर्तीलाही टिकतं.

पण खरा फरक विसर्जनानंतर दिसतो. कच्ची शाडू बादलीत विरघळते आणि गाळ बागेत टाकता येतो. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाण्यात कालवलं की ते पुन्हा घट्ट जिप्सम होतं, म्हणून मूर्ती महिनोन्‌महिने तळाशी पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेट या पावडरने ती विरघळवण्याची पद्धत शोधली आहे. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळतं. मात्र त्यासाठी ती पावडर, मोठी बादली आणि रोज ढवळायची तयारी हवी.

शाडूही निर्दोष नाही. ती खणूनच काढावी लागते आणि हजारो मूर्तींचा गाळ एकाच तळ्यात गेला तर तळं भरतं. रंगांचं म्हणाल तर प्रश्न दोन्हींत तोच. तैलरंग नकोच.

मावशी, घरचा फूटभराचा गणपती असेल तर शाडूच घे, बादलीतच विसर्जन कर. मंडळाची उंच मूर्ती पीओपीची असेल, तर तीच दरवर्षी ठेवा आणि विसर्जन छोट्या शाडूच्या मूर्तीचं करा.