स्क्रीन रीडरसह वायरशार्क आणि टीशार्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी दृष्टिहीन असून नेटवर्कच्या देखभालीचे काम करतो. गेले आठ महिने विंडोजवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या आधारे, नेटवर्कवरून जाणारी माहिती टिपून दाखवणारा वायरशार्क आणि त्याच्यासोबतच येणारा, कमांड लाइनवर (टाइप केलेल्या आज्ञांनी) चालणारा टीशार्क ही दोन्ही साधने मी वापरत आहे. आज माझे बहुतेक सगळे काम टीशार्कवरच होते.

वायरशार्कच्या खिडकीत पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, यादी बाणांच्या कळांनी वाचता येते, पण माझ्या संगणकावर तपशिलाच्या भागात गेल्यावर वाचन अधूनमधून तुटते. त्याहून मोठी अडचण रंगांची आहे. टीसीपीतील (संगणकांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या एका पद्धतीतील) बिघाड डोळस सहकाऱ्यांना काळ्या पट्टीवरील लाल अक्षरांत लगेच दिसतो, मला मात्र त्या ओळीचा वेगळेपणा कानावर पडत नाही. ‘टीसीपी डॉट अ‍ॅनालिसिस डॉट फ्लॅग्ज’ हा फिल्टर लावला की जवळपास तीच पॅकेटे वेगळी निघतात, हे कळल्यावर माझी निम्मी चिंता मिटली.

टीशार्क शिकताना सुरुवातीला अक्षरांनी फसवले. डॅश कॅपिटल व्ही दिल्यास पॅकेटचा संपूर्ण तपशील मिळतो, तर डॅश स्मॉल व्ही दिल्यास केवळ आवृत्तीची माहिती येते, आणि पूर्ण ओळ एकदम ऐकताना हा फरक समजत नाही. त्यामुळे एंटर दाबण्यापूर्वी कमांड एकेक अक्षर ऐकण्याची सवय मी लावून घेतली. कॅपिटल अक्षराला एनव्हीडीएचा आवाज चढतो. पॅकेटे थेट पडद्यावर येऊ दिली तर बोलणे थांबतच नाही, म्हणून मी आधी सगळे फाइलमध्ये साठवतो आणि नंतर हवी तेवढीच फील्ड्स (पॅकेटमधील माहितीचे रकाने) स्वल्पविरामांनी विलग करून एक्सेलमध्ये उघडतो. तिथे स्तंभांची शीर्षके एकदा ठरवून दिली की प्रत्येक आकडा आपल्या नावासह ऐकू येतो.

एका कार्यालयात काही संगणकांना अधूनमधून भलताच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील ओळखक्रमांक, मिळत होता. मी पॅकेटे टिपणे (कॅप्चर) सुरू ठेवून माझ्या लॅपटॉपचा पत्ता सोडला, पुन्हा मागितला आणि नंतर डीएचसीपीच्या, म्हणजे असे पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, फक्त ‘ऑफर’ (सर्व्हरने पत्ता देऊ केल्याचे संदेश) वेगळ्या काढल्या. एकाच मागणीला दोन ऑफर आल्या होत्या आणि दोन्हींतील सर्व्हरचे पत्ते निराळे होते. दुसरा पत्ता कोणीतरी टेबलाखाली जोडून ठेवलेल्या वायफाय राउटरचा निघाला. अवघ्या दोन ओळी ऐकून उत्तर मिळाले, आणि ते शोधताना मला कोणाचे डोळे उसने घ्यावे लागले नाहीत.

उणीव आलेखांची आहे. दर सेकंदाची वाहतूक टीशार्क आकड्यांत देतो, पण ते कोष्टक उभ्या रेघांनी आखलेले असल्यामुळे प्रत्येक आकड्याआधी ‘बार’ हा शब्द ऐकावा लागतो. त्या रेघा काढून टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली असून ती रोज वापरतो.