‘एबीएस मॉड्यूल गेलंय’ म्हणाले, तर आधी कोड मागा

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा विझत नाही म्हणून गाडी गॅरेजात जाते. चाकाकडे न बघताच निदान होतं, “मॉड्यूल गेलंय, अख्खं युनिट बदलावं लागेल.” मॉड्यूल म्हणजे ही यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल. ब्रेकचं नाव काढलं की माणूस घाबरतो आणि हो म्हणून मोकळा होतो. मग चाकाचा वेग मोजणारा एखादा सेन्सर बदलतात, कधी नुसत्या पिना साफ करतात, आणि बिल मात्र युनिटचं लावतात.

घाबरून घाई करू नका. पिवळा दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर मात्र गाडी चालवू नका.

मॉड्यूल कधी जातच नाही असं नाही, पण आधी चाकापाशी बघायचं. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस, वळणावर ताणून आतून तुटलेली वायर, पाणी शिरून हिरवट पडलेल्या पिना, गंजून तडकलेली, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती दात्यांची रिंग. बऱ्याच गाड्यांत रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसवलं तर सेन्सर धडधाकट असूनही सिग्नल मिळत नाही. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड वाचायला एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो, नुसता इंजिनचा चालत नाही. सी००३५ हा पुढच्या डाव्या चाकाचा, सी००४० पुढच्या उजव्याचा. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात. कोड त्या चाकाचं सर्किट दाखवतो, सेन्सरच गेला असं सांगत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटरने गाडी चालवून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघायला लावा. एखादं चाक शून्य दाखवत असेल, किंवा थांबताना बाकीच्यांच्या आधी शून्यावर येत असेल, तर दोष तिथे आहे.

“ओहम दाखवत नाही, म्हणजे सेन्सर गेला” हीसुद्धा एक थाप. जुन्या कॉइलच्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण १ ते २ हजार ओहम मिळतो. नवा अ‍ॅक्टिव्ह सेन्सर (याला बाहेरून वीज लागते) मात्र ओहममध्ये तपासतच नाहीत. तो सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर असा करंट बदलून सिग्नल देतो.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे दिवाच मारून टाकणं किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडणं. जुनी गाडी घेताना किल्ली ऑन करून बघा: एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा बरोबर ऑइलच्या दिव्यासोबतच विझला, तर गाडी स्कॅन केल्याशिवाय पैसे देऊ नका.

युनिट खरंच बदललं असेल तर ब्रेकचे पाइप सुटलेले असतात, हवा काढावीच लागते, कित्येक गाड्यांत कोडिंगही करावं लागतं. जुनं युनिट मागून घ्या आणि बॉनेट उघडून पाइपांचे नट बघा. त्यांच्यावर जुनी धूळ तशीच बसलेली असेल, तर तिथे पानाच लागलेला नाही.