वंशावळीचं अ‍ॅप: आठ महिने, एकशे बारा माणसं

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले होते, तेव्हा पुतण्याने माझ्या मोबाइलवर वंशावळीचं अ‍ॅप टाकून दिलं. "काकू, नावं भरत जा, झाड आपोआप तयार होतंय." आठ महिने झाले. झाडावर एकशे बारा माणसं आहेत आणि त्यातलं एकही आपोआप आलेलं नाही.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. फुकटात बरंच काम भागतं. तीन महिन्यांनी मी वर्षाची वर्गणी भरली, ती फोटो जास्त ठेवता यावेत म्हणून. पैसे भरण्याआधी एवढं बघा, की भरलेली माहिती गेडकॉम फाइल करून बाहेर काढता येते का. उद्या अ‍ॅप बंद पडलं तर ती फाइल दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडते. फोटो त्या फाइलीत येत नाहीत, ते वेगळे जपून ठेवावे लागतात.

डोकं खाल्लं ते नावांनी. माहेरच्या आडनावाला रकाना आहे, पण आमच्याकडे आडनावाबरोबर बाईचं नावही बदलायचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं की झालं नवीन नाव. सासूबाई माहेरी चंपा, सासरी सुमित्रा. माहेरच्या कागदात सुमित्रा सापडत नाही आणि सासरच्या कागदात चंपा. शेवटी मी टोपणनावाच्या रकान्यात माहेरचं नाव घालायला लागले.

अक्कलकोटकडच्या शाखेनं तर अ‍ॅपची पार भंबेरी उडवली. तिकडे थोरल्या बहिणीची मुलगी मामाला देतात. अ‍ॅपने ती बाई एकाच म्हाताऱ्याखाली दोनदा काढली, एकदा नात म्हणून आणि एकदा सून म्हणून. मी चूक समजून एक पुसली तर दोन्ही गेल्या. मामेबहीण, आत्येबहीण, मावसबहीण सगळ्याच त्याच्या लेखी 'कझिन', ते सोडूनच द्या.

खरं काम मोबाइलबाहेरचं आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठावं, कचेऱ्या कुठे पळून जात नाहीत. माझ्या आत्तेसासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. "मामंजींचा जन्म कधीचा?" असं विचारलं तर म्हणाल्या, "मला गं काय ठाऊक!" मग म्हटलं, तुमच्या आई काय सांगायच्या? लगेच उत्तर आलं, "मार्शल लॉ लागला तेव्हा दादा पोटात होता. बाहेर निघायची सोय नव्हती म्हणे." सोलापुरात मार्शल लॉ लागला मे १९३० मध्ये, म्हणजे जन्म त्यानंतरचा. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र १ जून १९२८! तुमच्याही घरात १ जूनवाले दोन-चार असतीलच. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख. तेव्हा साल विचारू नका. प्लेग, मार्शल लॉ, बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, ते विचारा. आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. या अ‍ॅपमध्ये आवाज त्या-त्या माणसाला जोडता येतो, ही सोय मला सगळ्यात आवडली.

आमचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात. तिथून पणजेसासरे सोलापूरला जुन्या गिरणीत आले, म्हणजे १८७७ साली सुरू झालेल्या गिरणीत. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. नकलेसाठी तीन खेटे झाले. एका ठिकाणी जुन्या कागदांचा बस्ता सोडायलाच कुणी तयार नव्हतं, त्याचं पुराण इथे नको. नक्कल मिळाली ती मोडी लिपीत. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, त्यामुळे महिनाभर थांबले. वाचून मिळालं ते असं: बापाचं नाव, जात, तारीख आणि जन्मलेल्या मुलीच्या जागी नुसतं 'स्त्री'.

माझ्या आईचं माहेर तुळजापूरकडचं, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. तिकडचे जुने महसुली कागद उर्दूत. ती फांदी तूर्त तशीच आहे.

बायकांची नावं सापडली ती भलत्याच ठिकाणी. जमिनीचा खातेदार वारला की वारसांची नावं लावायचा फेरफार होतो. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर त्यात मुलीही येऊ लागल्या, लग्नानंतरच्या पूर्ण नावानिशी. आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र. आमच्या एका हक्कसोडपत्रात चार बहिणी सापडल्या: नाव, नवऱ्याचं नाव, वय, राहणार कुठे, खाली चार अंगठे. जन्माच्या वेळी 'स्त्री' एवढंच लिहिलं, जमीन सोडताना मात्र सगळं नीट लिहून घेतलं. त्या एका कागदावरून झाडावर एकोणीस माणसं वाढली.

नाशिकला तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन आलो. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी वही काढली. आजेसासऱ्यांची सही बघून आमचे यजमान बराच वेळ काही बोललेच नाहीत. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि आपली पिढी लिहून यायला विसरू नका. मी दोन्ही मुलींची नावं लिहिली.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो त्याच आत्तेसासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, पत्र्याच्या पेटीतल्या एका फोटोपायी. खुर्चीत नऊवारीतली बाई, मांडीवर बाळ, मागे शाईनं लिहिलेलं 'सौ. व मूल'. आत्यांनी चष्मा वर करून, उजेडात नेऊन बघितलं. "आपल्यातलीच आहे गं, नाक बघ की." यापुढे काही आठवेना. अ‍ॅप नावाशिवाय माणूस जतन करत नाही, म्हणून नावाच्या रकान्यात मी 'सौ.' एवढंच घातलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मोबाइल वाजतो: 'सौ. यांची माहिती अपूर्ण आहे.'