फॅमिलीसर्च आणि विकिट्री: विहीणबाईंची वंशावळ शोधताना वर्षभर वापरून

लेकीचं सासर अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं. आमच्या विहीणबाई ठामपणे सांगतात की त्यांचं माहेरचं घराणं मेफ्लॉवर जहाजातून, म्हणजे 1620 मध्ये इंग्लंडहून वसाहतीसाठी निघालेल्या लोकांबरोबर आलं. शिवाय ‘तिघे भाऊ आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक तिथेच राहिला.’ ही तीन भावांची कथा तिकडच्या अनेक जुन्या घराण्यांत जशीच्या तशी सांगतात, हे मला नंतर कळलं. मला दप्तरं चाळायची हौस आणि निवृत्तीनंतर वेळही भरपूर, म्हणून हे काम अंगावर घेतलं. वर्ष होत आलं, तर आता अनुभव लिहायला हरकत नाही.

फॅमिलीसर्च ही वंशावळी शोधायची साइट मॉर्मन चर्च चालवतं आणि ती पूर्ण मोफत आहे. या मंडळींनी 1938 पासून जगभरच्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म काढल्या, त्या आता संगणकावर दिसतात. काही कागदांची चित्रं मात्र घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं. तिथला वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे आणि मृत व्यक्तींच्या नोंदीत कुणीही बदल करू शकतो. त्यामुळे झाडावर नाव दिसलं म्हणजे पुरावा मिळाला असं धरू नका. खाली कागद जोडलाय का ते बघा. नसेल तर ती फक्त कुणाची तरी समजूत. त्यात गुस्ताव अँजू नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. तो श्रीमंतांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून द्यायचा. 1942 मध्ये वारला, पण त्याचे ‘पूर्वज’ अजून या झाडांवर सुखाने नांदतायत.

विकिट्री ही दुसरी साइट या बाबतीत कडक. तीही मोफत, तीही सामायिक, पण 1700 पूर्वीच्या माणसाच्या पानाला हात लावायचा तर आधी छोटी चाचणी द्यावी लागते. 1620 ते 1640 या काळात सुमारे 20,000 इंग्रज न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट वगैरे ईशान्य अमेरिकेत) आले, त्यांच्यावर काम करणारा वेगळा गट तिथे आहे. मी एक शंका विचारली तर त्यातल्या एका आजोबांनी उत्तर म्हणून मृत्युपत्राचं पानच धाडलं. तारखांचं कोडंही त्यांनीच सोडवलं: 1752 पर्यंत तिथे नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणून जुन्या वहीत ‘बारावा महिना’ म्हणजे डिसेंबर नव्हे, फेब्रुवारी. आणि साल 1691/92 असं जोडून लिहिलेलं: जुन्या मोजणीने 1691, आजच्या मोजणीने 1692.

गंमत अशी की सतराव्या शतकातली माणसं सापडतात, एकोणिसाव्या शतकातली सापडत नाहीत. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकटमध्ये गावचा कारकून जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवायचा. स्वातंत्र्ययुद्धानंतर लोक स्वस्त जमिनीसाठी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला गेले आणि तिथे अशा नोंदी ठेवायची पद्धतच नव्हती. जनगणना 1790 पासून असली तरी 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव; बायको-मुलं म्हणजे रकान्यातले आकडे. सगळी नावं 1850 पासून, आणि तीसुद्धा फक्त स्वतंत्र माणसांची. गुलामांच्या यादीत मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण, बस. काळ्या कुटुंबांना त्यामुळे 1870 च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यावरच्या पहिल्या जनगणनेच्या, मागे जाताना मालकांची कागदपत्रं उपसावी लागतात. उत्तरेकडच्या राज्यांत गुलाम नव्हते असं समजू नका. विहीणबाईंच्याच एका पूर्वजाच्या मालमत्तेच्या यादीत बैलांच्या जोडीनंतर एका बाईचं नाव आणि किंमत आहे. कनेटिकटमध्ये गुलामगिरी पूर्ण बंद झाली 1848 मध्ये.

आमची गाडी याच मधल्या पिढीत अडली होती. ती सुटली फॅमिलीसर्चच्या फुल टेक्स्ट सर्चमुळे, आणि माझ्या मते सध्या तिथे सर्वांत मोलाची गोष्ट हीच. 2024 पासून हस्तलिखित खरेदीखतं आणि वारसाहक्काची कागदपत्रं संगणक वाचतो, त्यामुळे कागदाच्या पोटातलं नावही सापडतं. नावाआधी अधिकचं चिन्ह द्या, म्हणजे तो शब्द असलेलीच पानं येतात. वाचनात चुका होतात, तेव्हा स्पेलिंग बदलून बदलून शोधायचं. मी आडनाव आणि गाव टाकलं आणि कनेटिकटमधलं एक खत निघालं: पाच वारस वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडतायत, मुलींच्या नावापुढे नवऱ्यांची नावं, आणि दोघांचा पत्ता ‘न्यूयॉर्क राज्य’. एका कागदात सगळी भावंडं! त्यांच्या विधवा आईचा तिसरा हिस्सा वेगळ्या कागदात तोडून दिलेला, अगदी आपल्या वाटणीपत्रासारखा. पूर्वेकडची खोली, तळघराचा भाग, भट्टी वापरायची मुभा, विहिरीपर्यंत जाण्या-येण्याचा हक्क.

स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पूर्वज असेल तर पेन्शनची फाइल चुकवू नका. 1836 पासून विधवांनाही पेन्शन मिळू लागलं, पण लग्नाचा पुरावा द्यावा लागे. दाखला नसलेल्या बायकांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं फाडून सरकारला पाठवली, ती अजून फायलींत आहेत.

पैशांचं म्हणाल तर एका सशुल्क साइटवर महिनाभराची वर्गणी आपोआप पुढे चालू राहिली आणि परत मिळवताना नाकी नऊ आले. त्यापेक्षा गावच्या वाचनालयात आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी अशी साइट सभासदांना फुकट वापरता येते. इंग्रजी जुनं अक्षर वाचायला पहिला महिना जड जातो. मोडीशी थोडी झटापट केलेली असेल तर हात बसलेला असतो.

मेफ्लॉवरचं विचाराल, तर वंशजांची सोसायटी प्रत्येक पिढीचा कागद मागते आणि आमचं एक लग्न अजून सिद्ध व्हायचंय. तिघांपैकी एकच भाऊ सापडला, तोही 1630 च्या दशकात दुसऱ्याच जहाजाने आलेला. विहीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आता आईकडची बाजू बघा.