दोन्ही हातांचं बीपी घेणारी ओपीडी (टाकायासू आर्टरायटिस, चाळीसगाव ते मुंबई)

मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रुमॅटॉलॉजी (संधिवात विभाग) ओपीडीबद्दल लिहितेय, तीन वर्षं झाली मी तिथे जातेय. मी चाळीसगावची, वय ३४, आजार टाकायासू आर्टरायटिस. यात हृदयापासून निघणारी मुख्य धमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतीला सूज येते, भिंत जाड होत जाते आणि आतला रस्ता अरुंद होतो. टाकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १९०८ मध्ये अशा एका पेशंटच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांबद्दल सांगितलं म्हणून हे नाव. जास्त करून तरुण बायकांनाच होतो.

माझं सुरू झालं ते उन्हाळ्यात, उडदाच्या पापडांच्या वेळी. दहा-बारा पापड लाटले की डावा हात इतका जड पडायचा की लाटणं खाली ठेवावंच लागायचं, पाच मिनिटं बसलं की बरं, परत लाटायला घेतलं की परत तेच. वेणी घालताना तेच, दोरीवर गोधडी टाकताना तेच. सासूबाई दर वेळी विचारायच्या, "काय व्हयनं व माय?" आणि मला सांगता यायचं नाही. अंगात बारीक ताप, वजन सात किलो उतरलेलं, डोकं सारखं दुखायचं. तीन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी कॅल्शियमच्या गोळ्या, एका ठिकाणी मानेचा पट्टा, एका ठिकाणी टीबी असेल म्हणाले. आणि तिन्ही ठिकाणी बीपी डाव्या हातावर घेतलं, ९०/६०, लो बीपी आहे म्हणून लिंबू-मीठ-पाणी प्या. मी दोन वर्षं ते मिठाचं पाणी प्यायले हो. घरी मशीन आणलं तर ते डाव्या हातावर नुसतं एरर दाखवायचं, दुकानदाराने बदलून दिलं तर दुसरंही तसंच.

शेवटी धुळ्याला एका तरुण लेडी डॉक्टरने नाडी बघायला माझी दोन्ही मनगटं एकदम धरली. उजवी लगेच सोडली आणि डाव्या मनगटावर कितीतरी वेळ बोटं सरकवत राहिली, मग काही न बोलता पट्टा उजव्या हाताला बांधला. १८४/१०६! डाव्या हाताची नाडीच लागत नव्हती, रक्त कमी पोचत होतं म्हणून तिथलं बीपी खोटं कमी यायचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे माझ्या हातातलं नाही, रुमॅटॉलॉजिस्टकडे जा, आणि चिठ्ठी लिहून दिली. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. घरी सगळे म्हणाले संधिवाताच्या डॉक्टरकडे कशाला, तुझे सांधे कुठे दुखतात? पण शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते बरेचसे आजार हेच डॉक्टर बघतात, हे आपल्याकडे माहीतच नाही.

तर ओपीडी. रात्रीच्या गाडीने निघायचं, पहाटे दादर, तिथून केसपेपरच्या लाइनीत. पहिल्याच दिवशी दोन्ही हात आणि दोन्ही पाय असं चारी ठिकाणी बीपी घेतलं. मग मानेवर, गळ्याच्या हाडामागे, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, अरुंद वाहिनीतून रक्त जाताना फूस फूस आवाज येतो म्हणे. एक फॉर्म भरला, आयटास २०१०, म्हणजे इंडियन टाकायासू स्कोअर, आपल्याच डॉक्टरांनी बनवलेला, आजार आत्ता चालू आहे की शांत ते त्यावरून बघतात. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, कळलं की डाव्या हाताची वाहिनी जवळजवळ बंद आणि डाव्या किडनीचीही अरुंद, किडनीला रक्त कमी मिळालं की तीच बीपी वाढवते.

आधी एका प्रायव्हेट ठिकाणी पुढच्याच आठवड्यात स्टेंट टाकू म्हणून खर्चाचा कागद हातात दिला होता, आम्ही शेत गहाण ठेवायच्या विचारात होतो. इथल्या मॅडमनी कागदावर पाइप काढून समजावलं की भिंतीची सूज चालू असताना हात लावला तर परत बंद व्हायचा धोका जास्त, आधी सूज बसवू. स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट सुरू झालं, किडनीच्या वाहिनीची अँजिओप्लास्टी आठ महिन्यांनी केली. बीपीच्या तीन गोळ्या होत्या, आता एक आहे.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं पिवळं कार्ड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून कार्डावर मराठीत "फक्त सोमवार" लिहून लाल पेनाने दोनदा गोल केलाय. खाली, "बीपी उजव्या हातावरच घ्या" आणि "स्टिरॉइड मनाने बंद करू नका". तोंड सुजल्यासारखं गोल झालं तेव्हा बायका म्हणायच्या सोडून दे त्या गोळ्या, मी कार्ड दाखवायचे.

त्रासाचं पण सांगते. नंबर यायला दुपार होते, बसायला बाक पुरत नाही, रक्त द्यायची खिडकी दुसऱ्या इमारतीत, काही औषधं बाहेरून घ्यावी लागतात. शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, दर वेळी पापडापासून सगळं परत सांगायचं. पण मोठ्या मॅडम स्वतः एकदा हात बघतातच. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आला तरी आजार आत चालू असू शकतो असं सांगून त्यांनी मागच्या वर्षी परत स्कॅन करायला लावला आणि खरंच मानेच्या वाहिनीत नवीन सूज निघाली, औषध वेळेत बदललं.

जाणार असाल तर जुन्या स्कॅनच्या सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. माझी पहिली सीडी घरी राहिली म्हणून मला परत चाळीसगावला येऊन जावं लागलं. आणि चिठ्ठीवर दोन्ही हातांचं बीपी लिहून न्या, तारखेसकट.