हिमालयातली महाकाय लिली की किनाऱ्यावरचं क्रायनम?

जून-जुलैत कुमाऊँ नाहीतर सिक्कीमकडे ट्रेकला गेलेल्यांपैकी कुणीतरी दरवर्षी एक फोटो पाठवतंच. दमट, सावलीचं जंगल, माणसाच्या डोक्यावरून वर गेलेला सरळसोट दांडा आणि त्यावर तिरपे झुकलेले पांढरे कर्णे. पाठोपाठ प्रश्न येतो: याचा कांदा पुण्यात लागेल का?

नाही लागणार. पण ‘नाही’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शिवाय भव्य लिलीच हवी असेल, तर आपल्या हवेत फोफावणारं क्रायनम आहेच.

फोटोतली ती कार्डिओक्रायनम जायगॅन्टियम. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिचने १८२४ मध्ये तिला लिलियममध्येच, म्हणजे खऱ्या लिलींच्या प्रजातीत, घातलं होतं. पुढे पानांमुळे ती वेगळी निघाली. लिलीची पानं अरुंद आणि समांतर शिरांची असतात, हिची हृदयाच्या आकाराची, जाळीदार शिरांची, अळूच्या पानाची आठवण करून देणारी. दांडा तीन मीटरपर्यंत जातो. फुलं वीतभर लांब, आतून जांभळट-लाल रेघांची आणि सुगंधी. लिलीच्या कुळात हिच्याइतकं उंच कुणी नाही.

तिची खरी अट मात्र उंचीची नाही, वेळेची आहे. बी पेरलं तर फूल दिसायला पाच ते सात वर्षं लागतात. उगवायलाच बऱ्याचदा दोन हिवाळे जातात. एवढं करून फुलली की तो कांदा मरतो. केळीसारखंच: घड दिला की खांब संपला, उरली ती बाजूची पिल्लं. ती पिल्लं फुलायला पुन्हा काही वर्षं. त्यामुळे जाणकार लहान-मोठे कांदे एकत्र लावतात, म्हणजे एखादं वर्ष रिकामं गेलं तरी पुढच्या वर्षी काहीतरी फुलतं.

तिला कडक हिवाळ्याची झोप लागते, उन्हाळाही थंड लागतो. माती पालापाचोळा कुजून झालेली, ओलसर, पण पाणी न साचणारी. पुण्या-नाशकाचा एप्रिल तिला मारेल. महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे खरं, पण तिथला हिवाळा तिच्या मानाने कोमट आणि पावसाळा धो-धो. मी तरी पैज लावणार नाही. उलट स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने ती बिनधास्त लावावी. लागवडीतली तिची पहिली फुलं १८५२ साली एडिनबरातच उमलली होती. कांद्याचं टोक मातीच्या पातळीवर ठेवा, खोल गाडू नका.

उपयोग म्हणाल, तर हिमालयात तिच्या पोकळ, वाळलेल्या दांड्याच्या बासऱ्या केल्याचं सांगतात. पानांचा लेप जखमेवर, मुका मार लागला तिथे थंडावा म्हणून. तिची जपानी बहीण कार्डिओक्रायनम कॉर्डेटम हिच्या कांद्यातून ऐनू लोक, म्हणजे उत्तर जपानचे मूळ रहिवासी, पिठूळ सत्त्व काढत. त्यांच्या जेवणात त्याला मोठं स्थान होतं.

आता क्रायनम एशियाटिकम. नर्सरीत ‘स्पायडर लिली’ म्हणून मिळतं. काही ठिकाणी नागदवणा म्हणतात, पण त्या नावाने दुसरंही झाड हातात पडू शकतं, तेव्हा पान बघून घ्या. नावात लिली असली तरी हे कूळ कांदा-लसणाच्या बाजूचं, खऱ्या लिलीचं नव्हे. मीटरभर लांबीची जाड, पट्ट्यासारखी पानं बारा महिने हिरवी. एका दांड्यावर वीस-तीस पांढरी, बारीक पाकळ्यांची फुलं. वास संध्याकाळनंतर खुलतो, कारण परागीभवनाला येणारे पतंग रात्रीचे. हे फुलून मरत नाही, वर्षानुवर्षं फुलतं. खारा वारा, वाळू, कडक ऊन, सगळं सोसतं.

बी तर गंमतच. लिंबाएवढं, वजनाला हलकं, समुद्रावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागणारं. मी एकदा तीन बिया खिडकीच्या कट्ट्यावर विसरलो. ना माती, ना पाणी. काही आठवड्यांनी बघतो तर एकीतून पांढरा कोंब बाहेर येऊन खाली वळलेला. तिकडे दोन हिवाळ्यांची वाट, आणि इकडे हे!

पण खायला काहीच नाही. कांद्यात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. लहान मुलं किंवा झाड कुरतडणारं कुत्रं घरात असेल तर विचार करा. एरंडेल लावून गरम केलेलं पान सुजेवर बांधण्याची जुनी रीत आहे, तेवढाच घरगुती उपयोग. पानाचा चीकही काहींना खाजतो.

थोडक्यात, सह्याद्रीपासून किनाऱ्यापर्यंत कुठेही राहत असाल तर क्रायनम. बाल्कनीसाठी मात्र नको, पाच-सहा वर्षांत पानांचा घेर माणसाला उभं राहू देत नाही. परस, कुंपण किंवा मोठा वाफा हवा. आणि हौसेपोटी हिमालयाच्या किंवा कास-महाबळेश्वरच्या रानातून कांदा उकरून आणू नका. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, क्रायनमच्या काही अगदी दुर्मीळ जाती आहेत, त्या तिथेच राहू द्या.

लावल्यावर पावसाळ्यात रोज पानाची खालची बाजू बघा. काळ्या अंगावर फिकट पट्ट्यांच्या अळ्या घोळक्याने येतात आणि पानाच्या आत शिरून मधला गर खातात. वरून पान नुसतं पांढुरकं, पापुद्र्यासारखं दिसतं. तेवढा भाग कापून साबणाच्या पाण्यात टाका. उशीर झाला तर त्या थेट कांद्यात उतरतात.