डेमो लेसन झाला, ऑफर लेटर आलं, नोकरी मात्र नव्हतीच

शिक्षकांच्या एका फेसबुक ग्रुपवर परदेशातल्या एका शाळेची जाहिरात आली होती. गणिताचे शिक्षक हवेत, राहण्याची सोय शाळेकडून, इच्छुकांनी कमेंट करावी. मी विषय आणि अनुभव लिहून कमेंट केली. खाली बऱ्याच शिक्षकांनी तेच केलं होतं. कोणाला नोकरीची निकड आहे, कोण काय शिकवतं, कोण लगेच रुजू होऊ शकतं, ही सगळी यादी त्या भामट्यांना तिथे आयती मिळत होती. जाहिरातीचा हेतू तोच होता.

मेसेंजरवर उत्तर आलं आणि 'भरतीचं काम टेलिग्रामवर चालतं' असं सांगून मला तिकडे नेलं.

पुढचं जरा सविस्तर सांगते. पैसे नंतर गेले, पण विश्वास बसला तो इथे. त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ तयार करायला सांगितला. पाठ टाचण आधी मागवून घेतलं. व्हिडिओ कॉलवर दोघे होते, दोघांचेही कॅमेरे बंद. नेट कमी आहे म्हणाले. मी पाठ घेतला. मग त्यातल्या एकाने विचारलं, "भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं, असं एखाद्या मुलाने विचारलं तर काय सांगाल?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो शिकवणाऱ्यालाच सुचतो. मी दोरीचं उदाहरण दिलं: तीन मीटर दोरीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर सहा होतात. त्यावर ते म्हणाले, उदाहरण चांगलं आहे, पण नियमाकडे तुम्ही लवकर वळलात, मुलांना आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता.

लुबाडणारा माणूस तोंडभरून कौतुक करेल, असं आपण धरून चालतो. इथे चूक दाखवली गेली, तीही बरोबर. म्हणून कळकळीने सांगते, समोरच्याला शिकवण्यातलं कळतं यावरून त्याच्याकडे नोकरी आहे असं ठरत नाही. ज्या कामासाठी आपण जागून तयारी केली ते खोटं असेल, हे मन मानायला तयार होत नाही, आणि हे लोक नेमकं त्यावरच विसंबून असतात.

ऑफर लेटर ईमेलने आलं. शाळेचं नाव खरं, बोधचिन्ह खरं, मुख्याध्यापकांचं नावही खरं. सगळं शाळेच्या वेबसाइटवरून उचललेलं. फक्त ईमेलच्या पत्त्यात शाळेच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' हा शब्द जोडलेला होता. मग 'प्रमाणपत्र पडताळणी शुल्क' मागितलं, पहिल्या पगारात परत मिळेल म्हणून. ते भरलं, तर व्हिसासाठी अनामत. दोन्ही वेळा खातं शाळेचं नाही, कुणा व्यक्तीच्या नावाचं. 'आमच्या हिशेबनिसाचं आहे' असं उत्तर तयार होतं. तिसरी मागणी आली तेव्हा मी शाळेच्या मूळ वेबसाइटवरचा फोन नंबर फिरवला. तिथून कळलं, अशी कोणतीही भरती नाही आणि असा फोन करणारी मी पहिली नाही.

त्यानंतर टेलिग्राम उघडलं तर आमचा सगळा संवाद नाहीसा झालेला. टेलिग्रामवर समोरचा माणूस केव्हाही पूर्ण चॅट दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. तिकडे जायचा आग्रह कशासाठी होता, ते तेव्हा उमगलं. ईमेल आणि बँकेच्या नोंदी तेवढ्या उरल्या, तक्रार त्यांच्याच आधारावर केली. असं कोणाशी बोलणं चालू असेल तर स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा.

पडताळणी शुल्काबद्दलही स्पष्ट सांगते. १९६१ च्या हेग करारातल्या देशांसाठी कागदपत्रांवर अपोस्टिल (सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र) लागतं, ते कागदपत्र ज्या देशातलं त्या देशाची अधिकृत यंत्रणा देते. परदेशातली शाळा ते देत नाही. खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातलं तत्त्व आहे. काही देशांत याला अपवाद आहेत, पण कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा.

फेसबुक पेजच्या 'पेज ट्रान्सपरन्सी' या भागात ते पेज कधी सुरू झालं आणि त्याचं नाव कितीदा बदललं हे दिसतं. मला जाहिरात दाखवणारं पेज पूर्वी मोबाइलच्या कव्हरचं होतं. ईमेलच्या पत्त्यातलं डोमेन, म्हणजे @ नंतरचा भाग, कधी नोंदवलं गेलं, ते आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर बघता येतं. जुन्या, नावाजलेल्या शाळेचं डोमेन जेमतेम काही आठवड्यांपूर्वीचं निघालं, तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

पैशांपेक्षा मला काळजी कागदपत्रांची वाटते. ओळखपत्र, पदवीच्या प्रती, सही, फोटो, सगळं त्यांच्याकडे गेलंय. बँकेला कळवलं, पासवर्ड बदलले, आणि माझ्या नावावर कुठे कर्ज किंवा खातं उघडलं जात नाही ना, हे तपासत असते. तुमचीही कागदपत्रं गेली असतील तर तक्रारीत त्यांचा वेगळा उल्लेख करा. पुढे तुमच्या नावाने कुणी फसवलं गेलं तर ती नोंद कामाला येते.

आणि ग्रुपवर आपली हकिकत लिहिलीत, तर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे मेसेज येतील. मलाही आले. तेही आधी शुल्कच मागतात.